तोच मसाला, वेगळा कागद: क्ले घातलेल्या मल्चिंग फिल्मचं एक प्रकरण

भातकापणी झालेल्या मळ्यात कलिंगडाचे गादीवाफे होते आणि त्यावर काळा कागद अंथरलेला होता. नोव्हेंबर संपत आला होता. लावणीला तीन आठवडेही झाले नव्हते, तरी कागद लांबीच्या दिशेने सरळ चिरत गेलेला. रोपासाठी पाडलेल्या भोकापासून चीर सुरू व्हायची आणि पुढच्या भोकापर्यंत जायची, जणू कुणी पातं ओढत नेलं असावं. कड मातीत गाडली होती तिथे तर बोट लावलं की कागद तुटत होता. चिरेतून लव्हाळा वर आलेला.

कागद म्हणजे मल्चिंग पेपर. कोकणात शेतकरी त्याला नुसता कागदच म्हणतात. हा मात्र नेहमीचा पॉलिथिनचा नव्हता. पीक निघाल्यावर गोळा करायची गरज नाही, नांगरून मातीत मिसळा, असं सांगून विकलेला विघटनशील कागद होता. बनवणारा सिंधुदुर्गातल्या एका औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना. मालक माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणते आणि ते मला बाय. कारखान्याचं नाव आणि घटकांचं नेमकं प्रमाण लिहायचं नाही या अटीवर त्यांनी हे लिहायला परवानगी दिली. त्यामुळे काही ठिकाणी आकड्यांऐवजी फक्त तुलना दिसेल.

कागदाच्या मसाल्यात, म्हणजे मिश्रणात, थोडी क्ले असते, म्हणजे खास प्रक्रिया केलेली माती. काकांचा फोन आला तेव्हा त्यांचं निदान करून झालेलं होतं. "बाय, क्ले जास्त झाली. तीन टक्क्यांवरून एकावर आणूया." अडचण एवढीच की हाच तीन टक्क्यांचा मसाला फेब्रुवारीत चालवून पाहिला होता. त्या चाचणीचा कागद एका वायंगणी, म्हणजे उन्हाळी पिकाच्या, शेतात मेपर्यंत धड राहिला होता. माल तोच, पुरवठादार तोच, टक्केवारीही तीच. बदललं होतं ते बाकी सगळं, आणि ते कुणी बदल म्हणून मोजलंच नव्हतं.

कागदात माती कशाला

या कागदाचा मुख्य घटक पीबीएटी. मऊ, ताणला जाणारा, 110 ते 120 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारा पॉलिएस्टर. त्याला थोडा ताठपणा यावा म्हणून पीएलए, म्हणजे लॅक्टिक आम्लापासून बनणारा पॉलिएस्टर. तो नेहमीच्या ग्रेडमध्ये 150 ते 180 अंशांदरम्यान वितळतो. सोबत काळ्या रंगाची मास्टरबॅच, म्हणजे रंग दाट प्रमाणात मुरवून ठेवलेला माल. तिचा वाहकही पीबीएटीच असावा लागतो. बाजारातली स्वस्त काळी मास्टरबॅच बहुतेक वेळा पॉलिथिनमध्ये बनवलेली असते, आणि ती घातली की विघटनशीलतेचा दावा तिथेच ढासळतो. हे मी पहिल्या दिवशी तपासलं. सुदैवाने ठीक होतं.

पीबीएटीची एक खोड आहे. पॉलिथिनच्या मानाने तो पाण्याची वाफ फार सहज जाऊ देतो. मल्चिंगचं अर्धं काम जमिनीतला ओलावा धरून ठेवण्याचं, त्यामुळे ही खोड महागात पडते. त्यावर उपाय म्हणून नॅनोक्ले, म्हणजे अतिशय पातळ थरांची माती. हे थर वाफेची वाट अडवतात.

काकांनी मागे एकदा विचारलं होतं, "मग आपली जांभ्याची माती चाळून घातली तर?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जांभ्याच्या मातीत केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात. केओलिनाइटचे थर एकमेकांना घट्ट धरून बसतात, पाण्यात फुगत नाहीत. घाटावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, कारण तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं आहेत. नॅनोक्लेचं मूळ असलेलं मॉन्टमोरिलोनाइट त्याच गटातलं. त्याचा एक थर साधारण 1 नॅनोमीटर जाड आणि शेकडो नॅनोमीटर रुंद असतो, आणि थरांमध्ये सोडियमसारखे आयन सैलसर बसलेले असतात. ते काढून त्यांच्या जागी लांब शेपटीचे अमोनियम क्षार बसवले की थर आणखी दूर सरकतात आणि पॉलिमरला आत शिरायला वाट मिळते. अशा क्लेला ऑर्गॅनोक्ले म्हणतात. पॉलिएस्टरसाठी ज्या प्रकारची ऑर्गॅनोक्ले वापरतात तिच्यात थरांमधलं अंतर, थराची जाडी धरून, सुमारे 1.85 नॅनोमीटर असतं. साध्या सोडियम क्लेमध्ये ते 1.2 च्या आसपास.

1980 च्या दशकात टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेत नायलॉन 6 मध्ये असे थर सुटे केले गेले आणि थोड्याशा मातीने नायलॉन कितीतरी ताठ व उष्णतेला टिकाऊ झालं, तेव्हापासून या विषयाला जोर आला. पण "थोड्याशा मातीने" हे शब्द लोकांच्या लक्षात राहिले, "थर सुटे करून" हे राहिले नाहीत.

त्याचा हिशेब नीलसनच्या जुन्या आणि सोप्या सूत्राने करता येतो. वाफेच्या रेणूला आडव्या पत्र्यांना वळसा घालून जावं लागतं, म्हणून वाट लांबते, एवढंच ते सूत्र सांगतं. समजा कागदात खनिजाचं प्रमाण आकारमानाने 1 टक्का आहे. थर नीट सुटे होऊन पत्र्याची लांबी जाडीच्या 100 पट राहिली, तर झिरपणं सुमारे 34 टक्क्यांनी कमी होतं. त्याच थरांचे जाड गठ्ठे राहिले आणि हे गुणोत्तर 10 वर आलं, तर फायदा 6 टक्क्यांच्याही आत. माती तेवढीच, पैसेही तेवढेच. शिवाय न सुटलेला गठ्ठा नुसता बिनकामाचा राहत नाही. 20 मायक्रॉनच्या कागदात तो चीर सुरू व्हायची जागा होतो. म्हणजे टक्केवारीवर बोलण्याआधी गठ्ठे फुटले का, हे पाहायला हवं होतं.

गोणीत काय सापडलं

कागद फुगवण्याआधी सगळे घटक वितळवून, मिसळून त्यांच्या गोळ्या करतात आणि गोण्यांत भरतात. आधी त्या गोळ्यांची राखेची चाचणी. गोळी भट्टीत पूर्ण जाळायची, उरतं ते खनिज. या प्रकारच्या क्लेचा सुमारे 30 टक्के भाग सेंद्रिय असतो आणि तो जळून जातो, म्हणून 3 टक्के क्लेमागे साधारण 2.1 टक्के राख अपेक्षित. एकाच दिवशी भरलेल्या चार गोण्यांमधून नमुने घेतले. एका गोणीत राख अपेक्षेच्या निम्मी आणि दुसरीत दीडपट. सरासरी काढली तर 3 टक्के बरोबर येतात! काकांच्या वहीतही तेवढेच लिहिलेले.

कारण हॉपरवर, म्हणजे यंत्रात माल ओतायच्या नरसाळ्यावरच उभं होतं. फेब्रुवारीत माल थोडा होता, ऑपरेटरने दर पंधरा मिनिटांनी ताजं मिश्रण करून ओतलं होतं. ऑगस्टमध्ये क्लेची पूड आणि गोळ्या ड्रममध्ये ढवळून एकदम हॉपर भरला. यंत्र हादरतं, पूड गोळ्यांच्या फटींतून खाली घसरते. पोह्यांच्या डब्यात तळाशी चुरा जमतो, तसंच.

हे सापडल्यावर काका खूश झाले, प्रश्न सुटला म्हणून. पण कमी राखेच्या गोणीतला कागदही फाटला होताच. तेव्हा हा दोष खरा असला तरी गुन्हेगार दुसरा होता.

पुढची चाचणी वितळ-प्रवाहाची, ज्याला सगळे एमएफआय म्हणतात. ठरलेल्या तापमानाला ठरलेल्या वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर येतो, ते मोजायचं. पॉलिमरच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटल्या की माल पातळ होतो आणि आकडा वाढतो. इथे मी स्वतः एक चूक केली, ती लिहून ठेवते. पहिल्या दिवशी गोळ्या न वाळवता मापन केलं. आकडा भयंकर आला आणि मी काकांना तसं सांगूनही टाकलं. ओल्या गोळ्या त्या छोट्या तापलेल्या नळीतही तुटतात. म्हणजे मी मालाची नाही, माझ्याच मापनाची मोडतोड मोजत होते. रात्रभर निर्वात ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा मोजलं. तरीही ऑगस्टच्या गोळ्यांचा आकडा फेब्रुवारीच्या उरलेल्या गोळ्यांच्या दुपटीहून जास्त होता. कच्चा पीबीएटी, तयार गोळी आणि कागद असं क्रमाने मोजल्यावर दिसलं की मोठी उडी गोळ्या बनवतानाच लागली होती. कागद फुगवताना त्यात थोडीच भर पडली. त्यामुळे फिल्म प्लांटवाल्यांवरचा संशय मागे पडला आणि आम्ही गोळ्या बनवणाऱ्या, दोन स्क्रूंनी माल घुसळणाऱ्या ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरपाशी येऊन थांबलो.

ऑगस्टची हवा

कागद दिवाळीनंतर लागतो. म्हणून ऑर्डर पक्की झाल्यावर काकांनी जुलै-ऑगस्टमध्ये गोळ्या करून ठेवल्या, ऑक्टोबरमध्ये फिल्म. धंद्याच्या हिशेबात हे शहाणपणाचं वेळापत्रक. पॉलिएस्टरच्या दृष्टीने मात्र वर्षातला सगळ्यात वाईट काळ निवडला गेला.

कारखान्यातला ड्रायर साधा गरम हवेचा आहे. तो बाहेरची हवा ओढतो, तापवतो आणि गोळ्यांतून सोडतो. हवा तापवल्याने तिच्यातलं पाणी जात नाही. 30 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असलेल्या पावसाळी हवेत दर घनमीटरला सुमारे 27 ग्रॅम पाणी असतं. फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी त्याच्या निम्म्याच्या आसपास. उणे 40 अंश दवबिंदूची, म्हणजे अगदी कोरडी, हवा देणाऱ्या शोषक ड्रायरमध्ये ते पाव ग्रॅमहूनही कमी. म्हणजे ऑगस्टमध्ये आमच्या गोळ्या चार तास वाळत होत्या असं वहीत होतं, प्रत्यक्षात त्या कोमट दमट हवेत बसून होत्या.

हे एवढंसं पाणी काय करतं, ते काकांना कागदावर मांडून दाखवलं. पीएलए वितळवण्यापूर्वी त्यातला ओलावा 0.025 टक्क्यांखाली आणायला सांगतात. आता 1 किलो पीएलए घ्या, सरासरी साखळीचा रेणूभार 1 लाख धरा. त्यात 1 ग्रॅम पाणी राहिलं, म्हणजे फक्त 0.1 टक्का. हिशेब केला तर प्रत्येक साखळीमागे पाण्याचे साडेपाच रेणू पडतात, आणि वितळलेल्या अवस्थेत एक रेणू साखळीतला एक एस्टर बंध तोडू शकतो. सगळे रेणू कामाला लागले तर 1 लाखाची साखळी 15 हजारांवर येईल. बॅरलमधल्या, म्हणजे एक्स्ट्रूडरच्या तापलेल्या नळकांड्यातल्या, एक-दोन मिनिटांत सगळे लागत नाहीत, हेच काय ते नशीब. काकांनी चष्मा काढून कागद जवळ धरला आणि विचारलं, "एक ग्रॅम? चहाचा चमचाभरसुद्धा नाही?"

क्लेही कोरडी नव्हती. माती ती माती. उघड्या पिशवीत ती हवेतलं पाणी ओढतेच. बेस माल कसातरी वाळवला, पण पूड थेट गोणीतून काढून मिसळली. म्हणजे जे पाणी ड्रायरने काढायचं ते पुडीच्या रूपाने पुन्हा आत, आणि तेही वितळणाऱ्या पॉलिमरला सगळ्यात जवळून चिकटलेलं. बॅरलवरचा वाफ ओढणारा व्हॅक्यूम पंप जूनपासून बंद होता हेही बोलण्याच्या ओघात कळलं. बंद का, तर त्यात सारखं पाणी साचायचं!

वेग, तापमान आणि मासळीचा वास

फेब्रुवारीत यंत्र निवांत चाललं होतं. ऑगस्टमध्ये टनांत माल काढायचा म्हणून फीड, म्हणजे यंत्रात माल सोडायचा दर, दुप्पट केला आणि त्याला पेलावं म्हणून स्क्रूचा वेग 300 वरून 500 फेऱ्यांवर नेला. मोटरवर लोड येऊ लागला तेव्हा ऑपरेटरने बॅरलचं तापमान चढवलं, कारण माल पातळ झाला की लोड उतरतो. प्रत्येक पायरी त्याच्या जागी तर्काला धरून होती.

पॅनेलवर 180 दिसत होतं. डायमधून, म्हणजे यंत्राच्या तोंडातून, बाहेर येणाऱ्या मालात सुईचा तापमापक खुपसला तर 200 च्या वर. जास्तीची उष्णता हीटरची नव्हे, स्क्रूने माल घुसळल्याची. बॅरलच्या भिंतीतला सेन्सर धातूचं तापमान सांगतो, मालाचं नाही. ऑर्गॅनोक्लेवरचे अमोनियम क्षार साधारण 180 ते 200 अंशांपासून विघटित व्हायला लागतात. त्यातून अमाइन सुटतात, आणि अमाइनचा वास मासळीच्या वासाच्या घराण्यातला. मी विचारलं, त्या वेळी वास येत होता का? ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, पावसात असोच वास येता." शेजारच्या शेडमध्ये सुकट भरून ठेवलेली असते. त्या गावात या वासावरून कुणाला काही शंका यावी अशी अपेक्षा करणंच चूक. गोळ्यांचा पिवळसर-तपकिरी रंग मात्र बोलका होता. काळी मास्टरबॅच फिल्मच्या वेळी पडते, त्यामुळे गोळीचा रंग कुणालाही पाहता आला असता.

एकदा वीज गेली की माल बॅरलमध्येच शिजत राहतो. पुन्हा सुरू केल्यावर तो आधी काढून टाकायचा असतो. ऑगस्टमध्ये वीज किती वेळा गेली याची नोंद नाही, आणि काढून टाकलेल्या मालाचीही नाही.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेकडून क्ष-किरण विवर्तनाचे, म्हणजे थरांमधलं अंतर दाखवणारे, आलेख आले तेव्हा चित्र पुरं झालं. सुरुवातीच्या क्लेचं शिखर तांब्याच्या किरणांवर 4.8 अंशांपाशी असतं. पॉलिमर थरांत शिरला की अंतर वाढतं आणि शिखर डावीकडे, कमी अंशांकडे सरकतं. फेब्रुवारीच्या गोळीत ते 3 अंशांच्या खाली गेलं होतं, म्हणजे थर 3 नॅनोमीटरहून जास्त दूर. ऑगस्टच्या गोळीत डावीकडे थोडं सरकलेलं शिखर होतं, मूळ जागी एक खांदा उरला होता, म्हणजे काही गठ्ठे जसेच्या तसे, आणि शिवाय 6 अंशांच्या पुढे एक छोटा उंचवटा. तो पाहून मी थांबले. शिखर उजवीकडे जाणं म्हणजे थर मुळात होते त्याहूनही जवळ आले. मधले क्षार जळून गेल्यावर थर कोसळून मिटतात, पुस्तकाची पानं मिटावीत तसे. मग पॉलिमरला आत जायला वाटच उरत नाही.

आलेखाबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी, कारण विक्रेते नेमकं उलट सांगतात. शिखर पूर्ण नाहीसं झालं म्हणजे सगळे थर सुटे झाले असं सिद्ध होत नाही. क्ले कमी असली किंवा गठ्ठे वेडेवाकडे असले तरीही शिखर दिसेनासं होतं. खात्री हवी तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. आम्ही ते केलं नाही, खर्च परवडणारा नव्हता. आम्हाला दोन गोळ्यांमधला फरक हवा होता आणि तो आलेखाने दिला.

डिसेंबरच्या आठ चाचण्या

दोन तापमानं, दोन वेग, दोन फीड, अशा आठ जुळण्या. सगळ्यांसाठी माल आणि क्ले नीट वाळवलेले, व्हॅक्यूम दुरुस्त. त्यातल्या दोन जुळण्या पुन्हा, मुद्दाम ओल्या मालावर. माल बॅरलमध्ये किती वेळ राहतो हे पाहायला हॉपरमध्ये चार-पाच लाल गोळ्या टाकायच्या आणि डायला लाली कधी येते, कधी पूर्ण जाते ते घड्याळ लावून बघायचं. या चाचणीला एक पैसा लागत नाही आणि तिच्यातून जे कळतं ते पॅनेल कधीच सांगत नाही. ऑगस्टच्या सेटिंगवर लाली मिनिटभरात येऊन गेलीसुद्धा. फीड निम्मा केल्यावर ती रेंगाळत राहिली, दुपटीहून जास्त वेळ.

पहिला धडा तापमानाचा. 155 अंश सेट करून स्क्रू 500 फेऱ्यांवर चालवला, आणि 180 सेट करून 300 वर चालवला. सेटिंगमध्ये 25 अंशांचा फरक, डायपाशी मालात जेमतेम पाच-सहा. थंड माल घट्ट असतो, घट्ट माल वेगाने घुसळला की तापतो. म्हणजे "आम्ही तापमान कमी ठेवलं होतं" या वाक्याला वेग सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

दुसरा धडा मला आधीपासून वाचून माहीत होता, पण समोर पाहिल्यावर वेगळाच पटला. थर सुटे करायला दोन गोष्टी लागतात. घुसळण्याचा जोर मोठे गठ्ठे फोडून लहान करतो. पुढे पॉलिमर थरांत मुरतो आणि पातळ पापुद्रे एकेक करून सुटतात. पहिल्याला ताकद लागते, दुसऱ्याला वेळ. 2001 मध्ये टेक्सास विद्यापीठातले संशोधक पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायलॉन 6 वर वेगवेगळे एक्स्ट्रूडर लावून हेच दाखवलं होतं: सर्वाधिक घुसळणाऱ्या यंत्रातून सर्वोत्तम विखुरणं मिळत नाही, मध्यम जोर आणि पुरेसा वेळ हवा. आमच्या आठांतही सगळ्यात चांगला आलेख कमी तापमान, 300 फेरे आणि कमी फीडचा आला. जास्त वेग आणि जास्त फीडचे दोन्ही नमुने तळाशी.

खरी गंमत ओल्या चाचण्यांत होती. तेच उत्तम सेटिंग ओल्या मालावर लावलं तेव्हा थर बरे सुटले होते, पण एमएफआय ऑगस्टपेक्षाही वाईट. आणि ते साहजिक आहे. क्लेला जो वेळ हवा तोच वेळ पाण्याला साखळ्या तोडायला मिळतो. घाईने काढलेल्या ओल्या मालात निदान साखळ्या थोड्या वाचतात, गठ्ठे राहतात. सावकाश काढलेल्या ओल्या मालात गठ्ठे फुटतात आणि साखळ्याही. नायलॉनवरचे धडे इथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत ते याचमुळे. या पॉलिएस्टरना बॅरलमधला वेळ द्यायचा असेल तर तो आधी ड्रायरमध्ये मिळवावा लागतो. काका इतके दिवस क्लेच्या टक्क्यावर, ऑपरेटर वेगावर आणि मी तापमानावर अडून बसले होते. तिघांच्याही आधी दवबिंदू यायला हवा होता.

ऑपरेटरला हे पटलं, पण त्याचा प्रश्न रोकडा होता. "मॅडम, स्पीड कमी केलो तर माल कधी भायर पडतलो?"

त्यावरचा तोडगा मास्टरबॅचचा. सगळा माल सावकाश काढायची गरज नाही. क्ले आधी फक्त पीबीएटीमध्ये, जास्त प्रमाणात, कमी तापमानाला आणि सावकाश मुरवायची. क्ले जास्त असल्याने माल घट्ट असतो, त्यामुळे कमी वेगातही जोर भरपूर मिळतो. हा थोडाच माल असतो, त्याला दोन दिवस लागले तरी चालतं. मग पीबीएटी आणि पीएलएमध्ये ती मास्टरबॅच मिसळून वेगाने एक फेरी. नाजूक पीएलए एकदाच तापतो. पूड हॉपरमध्ये जातच नाही, त्यामुळे चुरा तळाशी बसण्याचा प्रश्नही मिटला. पुढच्या राखेच्या चाचण्यांमध्ये गोणीगणिक फरक नगण्य होता.

फिल्मबद्दल थोडंच. वितळलेल्या मालाचा फुगा फुगवून आणि वर ओढून ती बनते. ऑगस्टच्या पातळ झालेल्या मालाचा फुगा डगमगत होता म्हणून फिल्मवाल्यांनी फुगवण कमी ठेवली आणि ओढ वाढवली. त्यामुळे साखळ्या आणि क्लेचे पत्रे दोन्ही लांबीच्या दिशेने झोपले, आणि कागद त्याच दिशेने सहज चिरला. शेतातली ती सरळ चीर इथली. माल सुधारल्यावर फुगवण आपोआप वाढवता आली.

वेळापत्रक आणि जून

काकांनी जुना पण चालू शोषक ड्रायर घेतला. तरीही पावसाळ्यात गोळ्या करायच्या नाहीत असं ठरलं. एप्रिल-मेमध्येही नाही, कारण तेव्हा आंब्याच्या पेट्या भरायला माणसं जातात आणि कारखान्यात ऑपरेटरशिवाय कुणी उरत नाही. राहिले जानेवारी ते मार्च. गोळ्या पाण्याच्या टाकीतून निघाल्यावर लगेच वाळवून ॲल्युमिनियमच्या अस्तराच्या पिशव्यांत सील करायच्या, फिल्म ऑक्टोबरच्या शेवटी, आणि तीही दोन महिन्यांत शेतात जाईल एवढीच. फिल्म गुदामात पडून राहिली तर दमट हवा तिला हळूहळू खातच असते.

गेल्या हंगामात नव्या कागदाने कलिंगडाचा तोडा होईपर्यंत साथ दिली. खाडीलगतच्या एका मळ्यात गाडलेली कड पुन्हा आधीच गेली. तिथली जमीन सतत ओली असते. तेच एक कारण की आणखी काही, ते पुढच्या हंगामात वेगळा रोल लावून पाहायचं आहे.

नवी तक्रार मात्र उलट दिशेने आली. एका शेतकऱ्याने मार्चमध्ये पॉवर टिलर फिरवताना विचारलं होतं, "ह्यो भात लावूच्या आधी कुसतलो मां?" आमच्याकडे खात्रीचं उत्तर नव्हतं. काकांच्या कच्च्या मालाचं प्रमाणपत्र आयएस/आयएसओ 17088 या मानकाचं आहे, आणि ते कंपोस्टिंगसाठी आहे, जिथे चाचणी 58 अंशांच्या आसपास होते. शेतातली माती तेवढी तापत नाही. जमिनीत विघटन होणाऱ्या मल्च फिल्मसाठी ईएन 17033 हे युरोपीय मानक 2018 मध्ये आलं, आणि तेही मातीत 90 टक्के विघटनाला दोन वर्षांपर्यंतची मुदत देतं. पीएलएचा काचसंक्रमण बिंदू, ज्याच्या खाली तो काचेसारखा कडक राहतो, 60 अंशांच्या आसपास असल्याने तो गार जमिनीत सगळ्यात शेवटी हलतो. साखळ्या लांब राहिल्या म्हणून कागद टिकला. त्याच लांब साखळ्या आता मातीतल्या जिवाणूंना जास्त दिवस लावणार.

यंदा जूनमध्ये चिखलणीच्या आधी मी आणि काका त्या मळ्यात गेलो. मधल्या ओल्या भागात कागद शोधूनही सापडत नव्हता. बांधाच्या कडेला, जिथे मार्चनंतर पाण्याचा थेंब पोचला नव्हता, तिथे तळहाताएवढे तुकडे निघाले, ओढल्यावर अजून ताणले जाणारे. काकांनी त्यातले दोन खिशात घातले, एमएफआयला पाठवायला. पुढच्या रोलमध्ये पीएलए थोडा कमी करायचा आणि जाडी 20 वरून 18 मायक्रॉनवर आणून पाहायची, असं तिथेच बांधावर ठरलं. क्ले तीन टक्केच ठेवली आहे.